बाजार आणि उंबरठा

सन २०२० च्या मार्चात करोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी झाली. जूनपासून आपल्या राज्यात निर्बंध टप्प्याटप्प्याने उठू लागले. पुढे मार्च २०२१ मध्ये हिंगोली जिल्ह्यात पुन्हा संचारबंदी लागली. अशा वेळी गोरेगावासारख्या गावी लोक विचारतात, पोट राखावे की प्राण राखावे?

हा प्रश्नच मुळी चुकीचा आहे. ज्या मजुराची रोजी बुडते तोही दुर्बळच. आणि त्याची वृद्ध माता त्याच चुलीपाशी बसलेली असते. ६५ वर्षांवरील माणसांनी, व्याधिग्रस्तांनी व गरोदर स्त्रियांनी घरीच राहावे, असे सरकारने त्या वेळी सांगितले होते. परंतु एका खोलीच्या घरात उंबरठा काय राखणार? रोग मुलाच्या श्वासाबरोबर आत येतो. यास्तव म्हातारीला कोंडल्याने तिचे रक्षण होत नाही. बाजारास जाणाऱ्या प्रत्येकाच्या संयमाने होते.

बाजार उघडणे हा अन्याय नव्हे. मात्र ज्यास त्यापासून लाभ होतो, त्याच्यावर ऋणही चढते. तापाने घरी राहिलेल्या गड्याची मजुरी धन्याने कापू नये; कापली, तर तो ताप लपवून कामावर येईल. मग धन्याने वाचविलेल्या त्या एका दिवसाच्या मजुरीचे मोल कोणाची तरी आई आपल्या प्राणाने फेडील. ह्याचा प्रत्येकाने आपल्या मनाशी विचार करावा.