टेलचा माणूस

महाभारत आर्या वृत्तात उतरवणारे कवी मोरोपंत बारामतीत राहिले आणि 1794 मध्ये तिथेच वारले. एवढ्या मोठ्या पंडिताने ‘केकावली’त देवापुढे स्वतःचे दोष मांडले, देवाची करुणा भाकली. तो नम्रपणा खराच होता. पण देवापुढे चूक कबूल करणं त्या मानाने सोपं असतं, कारण देव आपल्या पाण्याचा वाटा मागायला येत नाही.

दयाही अशीच सोपी असू शकते. तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे निघाली की काटेवाडीत तिच्याभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं, बेलवडीला गोल रिंगण होतं. कोण कुठला हे न विचारता गावं वारकऱ्यांना जेवू घालतात. हे प्रेम खोटं नाही. मात्र वारकरी उद्या पुढच्या मुक्कामाला जातो. शेजारी बांधावर कायमचाच असतो, आणि त्याची तहान आपल्याच पाण्याच्या पाळीत कपात मागते.

म्हणून या भागात मनाची परीक्षा पाहायची तर ती नीरा डाव्या कालव्यावर पाहावी. 1885 च्या सुमारास सुरू झालेला हा कालवा बारामती ओलांडून इंदापूर तालुक्यात जातो. पाण्याचं आवर्तन सुटलं की हेडच्या, म्हणजे कालव्याच्या वरच्या टोकाच्या शिवारात ऊस डुलतो आणि टेलचा, म्हणजे शेवटच्या टोकाचा शेतकरी चारीकडे डोळे लावून बसतो. पाणी टेलकडून हेडकडे द्यावं, हे सिंचनाचं तत्त्व सर्वांना ठाऊक आहे. पण रात्री शेतात दारं धरून पाणी देणाऱ्याच्या हातावर तत्त्वाचा पहारा नसतो. तिथे त्याचं स्वतःचं मनच काय ते असतं.

बरं, टेलवाला तरी निव्वळ अन्याय सोसणाराच असतो का? त्याच्या चारीवरही त्याच्या खाली कुणाचं तरी रान असतं. वरच्याला शिव्या देताना आपण खालच्याचे वरचे आहोत, हे त्याच्या ध्यानात येत नाही. हा हिशेब आणखी मागे नेला, तर बारामती-इंदापूरच्या उसामागे या कालव्याला पाणी देणाऱ्या भाटघर धरणासाठी भोरकडच्या माणसांनी सोडलेली जमीन दिसते. इंदापूरनेही उजनी धरणासाठी पळसदेवसारखी गावठाणं पाण्याखाली दिली आणि ते पाणी सोलापूरकडे गेलं. इथे प्रत्येक जण कुणाचा तरी देणेकरी आहे.

आत्मपरीक्षणातून ऐक्य येतं म्हणतात, ते या अर्थाने खरं आहे. ‘मी वाईट आहे’ असं नुसतं घोकल्याने माणूस स्वतःभोवतीच फिरत राहतो. ‘माझ्या सोयीची किंमत कोण मोजतो?’ हा प्रश्न मात्र त्याला थेट दुसऱ्याच्या बांधावर नेतो. दयेला तिथे उपकाराचा तोरा उरत नाही, ती देणं फेडण्यासारखी साधी होते. पाणीवाटपाच्या पुढच्या बैठकीत वरच्या शेतकऱ्याने आपल्या तक्रारीआधी खालच्याची तक्रार मांडली, तरी पुष्कळ झालं.