पायातील मीठ

जेथे पाहणारा कोणी नाही तेथील कामही चोख असावे, ते नेमके कोणासाठी? हा प्रश्न शास्त्रचर्चेतला वाटतो. परंतु तो रोकड्या स्वरूपात पाहावयाचा असेल, तर दूरच्या बेटावर लहानसे घर बांधणाऱ्या एखाद्या गृहस्थाची कल्पना करावी. पायाचे काँक्रीट ओतावयाचा दिवस जवळ आला आहे. सिमेंटची प्रत्येक गोणी, खडी, सळई, इतकेच काय, गोडे पाणीसुद्धा होडीने आणावे लागते, आणि होडीचे भाडे मालाहून जड होऊन बसते. इकडे दारातच वाळूचा अथांग साठा पसरलेला. पाण्याला तर तोटाच नाही. मग हीच वाळू आणि हेच पाणी घालून पाया भरला तर काय बिघडले? तो मातीखालीच जावयाचा, आणि तपासावयास इतक्या दूर कोण येतो?

बिघडते ते असे. चांगल्या काँक्रीटच्या अंगी क्षारधर्म असतो आणि तो आतील सळईचे रक्षण करतो. समुद्राच्या मिठातील क्लोराइड हे कवच मोडते. सळईला गंज चढतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा लागते, आणि काँक्रीट आतूनच फुटू लागते. यास वर्षे लागतात. २८ दिवसांनी ठोकळा दाबून जी ताकद पाहतात, तीत हा दोष दिसेलच असे नाही. तडे दिसू लागतात तोवर बांधणारा कदाचित घर विकून गेलेला असतो, आणि छपराखाली कोणाची तरी सून, कोणाची तरी नातवंडे निजलेली असतात. ज्यांचा अपराध घडला ती माणसे तो घडताना तेथे नव्हती. काही तर जन्मलीही नव्हती.

देव पाहतो, असे यावर कोणी म्हणेल. ते खरेच आहे. परंतु देवास पहारेकरी करून ठेवणे आम्हांस रुचत नाही. पहाऱ्याच्या धाकाने चोख वागणारा मनुष्य येणाऱ्या बिऱ्हाडाचा विचार करीत नसतो, स्वतःच्या शिक्षेचा करीत असतो. आमचे वडील पौरोहित्य करतात. त्यांच्याबरोबर भूमिपूजनास जाताना आम्ही एक गोष्ट पाहिली आहे. त्या विधीत धरणीला खणल्याबद्दल क्षमा मागितली जाते. त्या खड्ड्यात पुढे काय भरणार, ते यजमानावर सोपविलेले असते.

बेटावरील पाया मराठी माणसाला परका नाही. मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा येथे पूजन होऊन २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. काम सुमारे तीन वर्षे चालले. पायात शिसे ओतल्याचे परंपरा सांगते. आणि शिशाला लोखंडासारखा गंज चढत नाही. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या त्या बेटावर दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. त्याच किल्ल्यासमोर, राजकोटावर, ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, तेव्हा गंजलेल्या नटबोल्टांची चर्चा घरोघर झाली. दोष कोणाचा, हे ठरविण्याचे हे स्थळ नव्हे. समुद्राची हवा मात्र दोन्ही कामांना तीच होती.

तथापि बेटावरील त्या गृहस्थाला नुसता उपदेश करणे आम्हांस कठोर वाटते. त्याची अडचण लबाडीची नाही. पैसा थोडा आहे, पावसाळा तोंडावर आहे, होड्या बंद व्हावयाच्या आहेत. त्याने काय करावे? येथे एक कोरडा सरकारी ग्रंथ आमच्या उपयोगी पडला. काँक्रीटविषयीचे भारतीय मानक ४५६, इ. स. २००० चे, सांगते की सळईच्या काँक्रीटात समुद्राचे पाणी घालणे योग्य नाही. अगदी निरुपायच झाला तर सळई नसलेल्या साध्या काँक्रीटात, पूर्ण विचारांती, ते चालू शकेल. म्हणजे मीठ हे स्वतः पाप नव्हे. मिठात लोखंड पुरून त्यावरील घराला पक्के म्हणणे, हे पाप. ज्याला गोडे पाणी परवडत नाही त्याने सळईचा हट्ट सोडावा, एक खोली कमी बांधावी, दगडाच्या जोत्यावर हलके छप्पर घालावे, आणि घर घेणाऱ्याला आत काय आहे ते सांगावे. गरिबीने घर लहान होते. ते खोटे होण्याचे कारण नाही.

आपण ग्वाल्हेरकर समुद्रापासून दूर. आपली वाळू नदीची, तिच्यात मीठ नाही. म्हणून निश्चिंत व्हावे काय? चंबळच्या अभयारण्यात वाळूचा उपसा करण्यास बंदी आहे, तरी तो रात्री चोरून होत असल्याच्या बातम्या आपणांस नव्या नाहीत. मार्च-एप्रिलात त्याच वाळूच्या काठांवर घडियाल माद्या अंडी घालतात. अशा चोरट्या वाळूने भरलेला पाया कोणत्याही कसोटीस उतरेल. ठोकळा दाबून पाहा, सळई खरवडून पाहा, दोष सापडणार नाही. बेटावरच्या घरात निदान पुढे कोणीतरी तडा पाहणार असतो. येथे पाया भक्कमच राहील, आणि नुकसान शंभर मैलांच्या आत, पाण्याच्या काठी, निमूटपणे होऊन गेलेले असेल. वाळूची गाडी दारी आली की ती कोठून आली, एवढे विचारणारे यजमान आपल्या मंडळींत किती आहेत?