एकांताकडून माणसांकडे

चौथ्या शतकाच्या मध्यावर ख्रिस्ती जगात वैराग्य म्हटलं की डोळ्यांपुढे इजिप्तचं वाळवंट येई. घरदार सोडून माणसांपासून जितकं दूर जावं तितकं देवाच्या जवळ पोचतो, अशी श्रद्धा होती. अँथनी हा त्या वाटेचा आदर्श. 356 मध्ये तो वारला तेव्हा त्याची कीर्ती दूरवर पसरली होती. पाखोमियसने तिथेच समूहजीवनाचे मठ उभारले होते, तरी एकांतवाशाचं तेज वेगळंच मानलं जाई. वैराग्याचा हा विचार पुढच्या वीस-बावीस वर्षांत बदलत गेला, तो सीझरियाच्या बेसिलच्या आयुष्यात फार स्पष्ट दिसतो.

सीझरिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं कायसेरी. सुमारे 330 मध्ये एका सधन ख्रिस्ती घरात जन्मलेला बेसिल अथेन्सला शिकून परतला तो वक्तृत्वाचा ताठा घेऊनच. तो ताठा उतरवला थोरल्या बहिणीने, मॅक्रिनाने. धाकटा भाऊ ग्रेगरी (निसाचा बिशप) याने तिचं चरित्र लिहिलं, म्हणून हे आपल्याला कळतं. पाँटस प्रांतातल्या वडिलोपार्जित वाड्यात तिने आईचं मन वळवलं आणि कालच्या दासींसोबत एकाच पंगतीला, एकाच दर्जाने राहायला सुरुवात केली. माझ्या मते बेसिलच्या मठाचं मूळ इथेच आहे. इतिहासात नाव त्याचं झालं, पण घर तिने आधी बदललं होतं.

बेसिल मग इजिप्त, पॅलेस्टाइन, सीरिया फिरला, तपस्व्यांना भेटला आणि पाँटसमध्येच आयरिस नदीकाठी येऊन राहिला. तिथे त्याला एक प्रश्न टोचू लागला. एकटा राहणारा माणूस नम्र आहे हे ठरणार कशावरून? त्याचे दोष त्याला दाखवणार कोण? पाय धुवायला समोर कुणी नसेल, तर येशूने शिष्यांचे पाय धुऊन जे शिकवलं ते तो आचरणार कसं? प्रश्नोत्तरांच्या रूपातल्या त्याच्या मठनियमांत हा युक्तिवाद येतो. तो म्हणतो की प्रेमाची आज्ञा एकट्याने पाळता येत नाही.

पण इथवर ‘दुसरा माणूस’ म्हणजे मठातला बंधूच होता. मठाची कवाडं खऱ्या अर्थाने उघडली ती दुष्काळाने. 369 च्या सुमारास पावसाने दगा दिला. सीझरिया समुद्रापासून दूर, त्यामुळे जहाजाने धान्य येण्याची आशा नाही; ज्यांची कोठारं भरलेली होती ते भाव चढण्याची वाट पाहत बसले. बेसिल तेव्हा बिशप नव्हता, साधा धर्मगुरू होता. त्याने त्या धनिकांना तोंडावर सुनावलं की गरजेपेक्षा जास्त जे तुम्ही साठवलंय ते उपाशी माणसाच्या मालकीचं आहे. कोठारं उघडली. मोठमोठ्या कढयांतलं कढण आणि खारवलेलं मांस तो स्वतः वाढू लागला. तिकडे मॅक्रिना रस्त्यावर टाकून दिलेल्या मुली उचलून घरी आणत होती.

370 मध्ये तो बिशप झाला आणि शहराबाहेर त्याने एक वसाहतच उभारली. तिथे वाटसरूंना निवारा होता, आजाऱ्यांसाठी वैद्य आणि शुश्रूषा करणारी माणसं होती, आणि गावाने हाकलून दिलेल्या कुष्ठरोग्यांना हक्काचं घर होतं. त्याचा मित्र, नाझिएन्झसचा ग्रेगरी, सांगतो की बेसिल त्यांना भावासारखं जवळ घेई. प्रांताधिकाऱ्याकडे कुणी कागाळ्या केल्या, तेव्हा बेसिलने पत्र लिहून खडसावून विचारलं की यात राज्याचं नुकसान ते काय झालं. ज्या वैराग्याची सुरुवात शहर सोडण्यापासून झाली होती, ते आता शहराच्या वेशीवर रुग्णालय चालवत होतं आणि सरकारदरबारी त्याची बाजू मांडत होतं.

379 च्या सुमारास पन्नाशीच्या आत तो गेला; मॅक्रिनाही त्यानंतर लवकरच गेली. त्याचे नियम रुफिनस या भाषांतरकाराने लॅटिनमध्ये नेले आणि सहाव्या शतकात मठाधिपती बेनेडिक्टने आपल्या नियमग्रंथाच्या शेवटी ते वाचण्याची शिफारस केली. मात्र रुफिनसच्या हाती होती ती नियमांची आधीची, छोटी प्रत. अभ्यासक ती दुष्काळापूर्वीची मानतात. म्हणजे पश्चिम युरोपातल्या मठांनी बेसिलकडून एकत्र राहण्याचा विचार घेतला, पण त्यांना मिळालेल्या त्या पानांत कुष्ठरोग्यांची वसाहत अजून उभी राहायची होती.