उंदरासाठी प्रार्थना

देवासच्या रविवार शाळेत एका मुलाने विचारले, “गुरुजी, धारच्या आजीची गुडघेदुखीची गोळी आधी उंदरांना देतात ना? मग उंदरांसाठी प्रार्थना कोण करतो?” वर्ग हसला. मला मात्र उत्तर सुचले नाही.

सूज व वेदना शमविणारे नवे औषध पारखताना उंदराच्या पंजात सूज आणणारा पदार्थ टोचतात आणि औषधाने ती किती कमी झाली हे मोजतात. आपल्या आरामामागे त्या मुक्या जिवाची वेदना असते. मग पारखच नको काय? तसेही म्हणवत नाही. डायक्लोफेनॅकने गुरांना आराम पडे. पण ते दिलेली गुरे मेल्यावर त्यांचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली. माळव्यासह देशभर गिधाडे झपाट्याने घटली. २००६ साली सरकारने गुरांसाठी ते औषध बंद केले. त्याऐवजी सुचविलेले मेलॉक्सिकॅम निर्धोक आहे, हे गिधाडांवरच पारखून कळले.

तेव्हा खरा प्रश्न आहे तो आपल्या अंतःकरणाचा. रसेल व बर्च या शास्त्रज्ञांनी १९५९ साली तीन गोष्टी सांगितल्या : शक्य तेथे प्राण्यांऐवजी दुसरा मार्ग, कमीत कमी प्राणी, कमीत कमी यातना. नीतिसूत्रे १२:१० मध्ये नीतिमानाची ओळख हीच, की तो आपल्या पशूच्या जिवाची काळजी घेतो. प्राण्यांवरील अधिकार हा कारभाऱ्याचा अधिकार आहे. धन्याला हिशेब द्यावा लागेल.

पुढच्या रविवारी मी त्या मुलाला म्हणालो, “बाळ, ती प्रार्थना आपणच करायची. आणि कोणी विनाकारण प्राण्याला छळले, तर प्रार्थना करून गप्प बसायचे नाही.”