बाकावरची जागा

पैसे मोजून जेवणारा मनुष्य गिऱ्हाईक असतो की पाहुणा? हा प्रश्न मला पोलादपूरच्या एका लहानशा खानावळीने घातला आणि तो अद्याप माझी पाठ सोडत नाही.

काही वर्षांपूर्वी महाडहून दक्षिणेकडे जात असता कशेडी घाट चढण्यापूर्वी आमची एसटी तेथे थांबली. भर दुपारची वेळ होती. खानावळीत दोन लांब बाक. ताटात तांदळाची भाकरी, कुळथाचे पिठले आणि सुकटीची चटणी. इतके रुचकर अन्न मी क्वचितच चाखले असेल. इतक्यात एक वृद्ध आदिवासी लाकडाची मोळी घेऊन आला. मोळीचे पैसे त्याने मोजून घेतले, त्यांतलेच काही जेवणासाठी पुढे केले आणि तो बाहेर वळचणीखाली जाऊन बसला.

खानावळवाल्या बाई म्हणाल्या, "बाबा, तिकडं कशाला? आत या, बाकावर बसा."

"मी हितंच बरा हाय, बाय."

"ताट आतच मिळतं. हात धुवा आणि या."

तो संकोचत माझ्या शेजारी येऊन बसला. मी नकळत माझी पिशवी जवळ ओढली. त्याने ते पाहिले आणि तो बाकाच्या टोकाकडे सरकला. पुढचा घास माझ्या घशाखाली उतरेना. समतेवर आजवर मी किती प्रवचने दिली असतील!

ज्या महाडवरून मी आलो होतो, तेथे हाच प्रश्न पूर्वी पाण्यावरून उभा राहिला होता. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरीही मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. २० मार्चला सत्याग्रहींनी तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा जमावाने मंडपात शिरून जेवणाऱ्या प्रतिनिधींना मारहाण केली व त्यांचे अन्न मातीत मिळवले. उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले. दाम मोजून पाणी मिळत होते. तळ्याच्या काठावरची जागा मात्र मिळत नव्हती.

जपानमध्ये रामेन नावाच्या शेवयांच्या रश्शाची छोटी दुकाने असतात. त्यांतल्या अनेकांत दाराशीच यंत्रात पैसे टाकून चिठ्ठी घ्यायची आणि एका फळीसमोर खांद्याला खांदा लावून बसायचे, अशी रीत आहे. तू कोण, असे यंत्र विचारत नाही. ही समता थोडी नव्हे; महाडच्या इतिहासाशी ताडून पाहिले म्हणजे तिचे मोल कळते. परंतु जो स्वतःहून वळचणीला जाऊन बसतो, त्याला यंत्र आत बोलावू शकत नाही. त्यासाठी माणूसच लागतो. पैशाने अन्नावरचा हक्क मिळतो. शेजार मात्र कोणीतरी द्यावा लागतो.

करिंथ येथील मंडळीत सधन लोक आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत, तेव्हा संत पौलाने त्यांना खडसावले होते. आपण एकाच वेदीभोवती जमतो. मग घरी कामाला येणाऱ्या बाईचा कप आपल्या फळीवर वेगळा का असतो? तिचा पगार आपण चोख देतो, हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.

त्या दिवशी मी पिशवी उचलून जमिनीवर ठेवली आणि म्हणालो, "बाबा, जवळ या, ऐसपैस बसा."

ते हसले. पण टोकावरून हलले नाहीत.