रोह्याची जागल

उमरखेडच्या बाजूला, पैनगंगेकाठच्या गावांत हरभऱ्याला घाटे धरले की माणसं रात्री शेतात झोपायला जातात. झोपायला म्हणजे जागायला. याला 'जागल' म्हणतात. हातात बॅटरी, अंगावर घोंगडी आणि बडवायला एक रिकामा डबा. पलीकडे पैनगंगा अभयारण्य आहे. तिकडून रोही येतात. पुस्तकात यांनाच नीलगाय म्हणतात. ती गाय नव्हेच. काळविटाच्या जातकुळीतला, त्या कुळातला आशियातला सगळ्यांत मोठा प्राणी. पहाटे जरा डोळा लागला आणि कळप शेतातून गेला, की त्या तुकड्यावरचा हंगाम संपला.

चूक कोणाची?

रोह्याला सातबारा वाचता येत नाही. घनदाट जंगल त्याला फारसं मानवत नाही. त्याला हवं गवत, मधे पळस-बाभळी आणि लांबवर नजर जाईल असा माळ. अशा माळाला आपण 'पडीक' म्हणतो, म्हणजे कोणाच्याच कामाची नसलेली जागा. जंगल तुटलं की ओरड होते; गवताळ माळ नांगरला किंवा त्यावर प्लॉट पडले, तर त्याला विकास म्हणतात. चित्ता अशाच माळांवर पळायचा. १९५२ साली तो देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. लांडगाही आता विरळ.

पण शेतकऱ्यालाही दोष कसा द्यायचा? त्याच्या आज्याने माळ मोडला तो पोटासाठी.

२०१९ मध्ये याच जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा एक वाघ शेकडो किलोमीटर चालत बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याच्या वाटेचा नकाशा आपण कौतुकाने शेअर केला. ती वाट कितीतरी लोकांच्या शेतांतून गेली होती, हे आपल्या लक्षातही आलं नाही.

प्राण्यांना जगण्याचा हक्क आहे, असं मीही मानतो. पण बिल दुसऱ्याच्या नावावर फाडून दया दाखवणं फार सोपं असतं. सरकार पिकाची भरपाई देतं, पंचनामा होतो. जागलीच्या रात्रींचा पंचनामा कोण करणार? माझ्या मते भरपाई ही मेहेरबानी नव्हे. आपल्या सगळ्यांच्या वतीने एक माणूस रान सांभाळतो, त्याची ती मजुरी आहे. ती वेळेवर आणि पुरेशी द्यावी. आणि उरलेल्या माळाला पडीक म्हणणं थांबवावं, कारण तिथे कोणीतरी राहतं.

तोवर 'वन्यजीव वाचवा' हे आपण दिवसा म्हणतो. रात्री डबा मात्र तोच माणूस बडवत असतो.