आवाज आणि अपराध

जगांत जेथें कुरकुर ऐकूं येते तेथें दोष असलाच पाहिजे, अशी आपणां बहुतेकांची समजूत असते. घरांत जो बोलतो तो भांडखोर, कचेरींत जो तक्रार करतो तो कामचुकार, वर्गांत ज्याचा आवाज प्रथम कानीं पडतो तो वात्रट, असा निवाडा देऊन आपण क्षणार्धांत मोकळे होतों. हा निवाडा कितपत न्यायाचा असतो, याचा विचार करण्याची पाळी आमच्यावर एका जुन्या जीपगाडीनें आणिली. विषय वरवर पाहतां मिस्त्रीच्या दुकानांतला दिसेल. परंतु वाचकांनीं थोडा धीर धरल्यास तो नीतिशास्त्राच्या उंबरठ्याशीं येऊन पोंचतो, असें त्यांस दिसून येईल.

१९४१ सालीं अमेरिकन सैन्यासाठीं विलीस कंपनीनें जी जीप मोठ्या प्रमाणावर बनविण्यास घेतली, तिच्या वंशांतल्या गाड्या युद्धानंतर आपल्याकडेही आल्या. आणि महिंद्र कंपनीनें त्या मुंबईस जुळविण्यास व पुढें बनविण्यास आरंभ केल्यावर त्या खेड्यापाड्यांतून परिचयाच्या झाल्या. अशा गाडींत इंजिनाची शक्ति क्लचमधून गिअरबॉक्सांत जाते. तेथून ट्रान्स्फर केस नांवाच्या दुसऱ्या पेटींत उतरते. तेथून दोन लांब दांडे निघतात, एक मागच्या आंसाकडे व एक पुढच्या. आणि प्रत्येक आंसावरील गोळ्यांत क्राउन-पिनियन ही दांतेरी जोडी ती शक्ति आडवी वळवून चाकांना देते. एरवीं मागचीं दोनच चाकें ओढतात. चिखल लागला म्हणजे चालक एक दांडी सरकवून पुढचींही जोडतो. मग पुढचा व मागचा दांडा एकमेकांस असे बांधले जातात कीं, एकास दुसऱ्याहून अधिक फिरतां येत नाहीं. हें शेवटचें वाक्य वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

ही सारी परंपरा लोखंडाची, आणि लोखंड आवाज दूरवर वाहून नेतें. मागच्या चाकांतली घरघर चालकास आपल्या पायाखालीं भासते. म्हणून चांगला मिस्त्री, आवाज कोठून येतो, असें प्रथम विचारीत नाहीं. तो केव्हां येतो आणि केव्हां जातो, असें विचारतो. गाडी उभी असून गिअर न्यूट्रलमध्यें आहे, घरघर चालू आहे, आणि क्लच दाबतांच ती थांबते. तर संशय गिअरबॉक्सांतील बेअरिंगांवर जातो, कारण क्लच दाबल्यानें त्यांचें फिरणें थांबलें. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज उठला तर तो क्लचच्या बेअरिंगाचा. खालच्या गिअरांत गुरगुर आहे पण टॉपमध्यें नाहीं, तर दोष गिअरबॉक्सांतील जोडदांड्याकडे. कारण टॉपमध्यें शक्ति सरळ आरपार जाते व त्या दांड्यावर भार राहत नाहीं. वेग घेतांना एक सूर व पाय उचलतांच दुसरा, तर क्राउन-पिनियनचे दांत तपासावे. ओढतांना त्यांची एक बाजू दाबली जाते, उतारावर दुसरी. गाडी डावीकडे वळवितांच घरघर वाढली तर उजव्या चाकाचें बेअरिंग पाहावें, कारण वळतांना भार बाहेरच्या चाकावर पडतो. सुटतांना एकच 'टक्क' झाली तर दांड्याच्या टोंकाचे क्रॉस ढिले झाले असावे. आणि डांबराचा रस्ता संपून मातीचा लागतांच जो आवाज बदलतो, तो बहुधा टायरांचाच.

आपल्या नैयायिकांनीं ज्याला अन्वय-व्यतिरेक म्हटलें, व मिल्लनें १८४३ सालच्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथांत ज्याचे नियम बांधिले, तीच ही रीति. अमुक असतां तमुक असतें, अमुक नसतां तमुक नसतें, हें दोन्ही पाहिल्यावांचून कारण ठरवूं नये. कावळा बसण्यास आणि फांदी मोडण्यास एकच गांठ पडली म्हणून कावळ्यास शिक्षा करूं नये. शिवाय प्रत्येक आवाज दोषाचाच असतो असेंही नाहीं. जुन्या विलीस जीपच्या ट्रान्स्फर केसमध्यें मागच्या चाकांकडे जाणारी शक्तिही नेहमीं मधल्या दांतेरी चाकावरूनच जाते, म्हणून ती पेटी थोडी गुणगुणतेच. तो तिचा स्वभाव आहे, रोग नव्हे.

हें सर्व आम्हीं शिकलों तें मात्र एका माणसाच्या खर्चानें. आमच्या शेतावर अशी एक गाडी होती, आणि ती चालविणारा एक प्रौढ व अबोल गृहस्थ होता. एका पावसाळ्यापूर्वीं मागचे टायर झिजले म्हणून आम्हीं स्वस्तांत मिळाले ते दोन आणविले. ते पुढच्यांहून व्यासानें एक इंच मोठे होते. चालक एवढेंच म्हणाला, "साहेब, चारी सारखे पाहिजेत, नाहीं तर जोडल्यावर गाडी आंतल्या आंत भांडेल." आम्हीं हंसून तें सोडून दिलें. पावसाळ्यांत शेताचा चिखल व घाटाचा कठीण रस्ता आळीपाळीनें लागत. आणि मध्यें थांबून दांडी सोडण्यास आमची घाई त्याला वेळ देत नसे. ट्रान्स्फर केस कण्हूं लागली. दांडी सुटेना, आणि सुटली तर धडाका होई. दांडी हा रागारागानें ओढतो, असें आम्हीं ठरविलें. चारचौघांत त्याला तसें बोललों, आणि दुरुस्तीचा खर्च त्याच्या पगारांतून कापला. त्यानें उत्तर दिलें नाहीं. महिना भरतांच तो काम सोडून गेला.

नवा चालक आला. आवाज तोच राहिला. व्यतिरेक असा आपोआप घडून आला, तरी आमचे डोळे उघडले नाहींत. अखेर एका वृद्ध मिस्त्रीनें पेटीस हातही न लावतां फीत काढून चारी टायरांचे घेर मोजले. अठ्ठावीस इंच व्यासाचें चाक एका किलोमीटरांत सुमारें ४४८ फेरे करतें, एकोणतीस इंचांचें सुमारें ४३२. पंधरा-सोळा फेऱ्यांचा हा फरक चिखलांत चाक घसरून निवतो. कठीण रस्त्यावर तो जाणार कोठें? तो दांड्यांत व दांतांत पीळ होऊन सांचतो. पेटी कण्हत होती ती तिच्यांत खोट होती म्हणून नव्हे, दोन्हीकडचा ताण तिच्यावर पडत होता म्हणून. अपराधी टायर निःशब्द फिरत होते, आणि त्यांच्याही मागें निःशब्द होतों ते आम्ही.

यावरून, ओरडणारा नेहमीं निर्दोष असतो असा उलट सिद्धांत कोणी काढील तर तोही चुकेल. फुटलेलें बेअरिंग ओरडतें तें फुटलेलें असतें म्हणूनच. मुद्दा इतकाच कीं, आवाज ही साक्ष आहे, निकाल नव्हे. यावर कोणी म्हणेल कीं, यंत्रांत एक भाग सोडवून पाहतां येतो; कुटुंबांत वडिलांस आठ दिवस बाजूस काढून भांडण थांबतें कीं काय, हें कसें पाहावें? आक्षेप खरा आहे. परंतु एक भाग असा आहे कीं, तो बाजूस काढण्याचा अधिकार प्रत्येकास आहे, तो म्हणजे आपण स्वतः. आपला एखादा हुकूम, आपली एखादी घाई, आपली एखादी काटकसर चार दिवस मागें घेऊन पाहावी, आणि कुरकुर थांबते कीं नाहीं तें ऐकावें. निवाडा देणारा स्वतःस संशयितांच्या यादींतून वगळतो, हीच बहुतेक अन्यायांची सुरुवात असते.

दुसराही एक मार्ग आहे, आणि तो फार जुना आहे. झिजलेल्या गिअरबॉक्सांत लांकडाचा भुसा घातला कीं आवाज कांहीं काळ दबतो. तेवढ्यांत लबाड विक्या गाडी गळ्यांत बांधून मोकळा होतो. दांत झिजतच असतात; फक्त सांगणारें कोणी उरत नाहीं. पुष्कळ घरांतली शांतता अशा भुशाची असते. त्याला आपण धाक किंवा शिस्त अशीं बरीं नांवें देतों. आमचा चालक उत्तर न देतां निघून गेला, तेव्हां आम्हांसही क्षणभर शांत वाटलें होतें.

कापलेली रक्कम आम्हीं पुढें त्याच्या गांवीं नेऊन दिली, आणि त्यानें ती घेतली. परंतु चारचौघांत बोललेला शब्द परत घ्यावयाचा तर तेच चारचौघे पुन्हां जमवावे लागतात. तें आमच्या हातून झालें नाहीं. टायर मात्र आम्हीं दुसऱ्याच दिवशीं बदलले.